मधल्या वाटेवर बसणारे अण्णा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलं एक वर्ष आईबरोबर ऊसतोडीलाच गेलं. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. वाचणारं कुणी असेल असं वाटत नाही, ही वही कपाटात साड्यांखाली राहणार आहे. पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, आणि अण्णांबद्दल सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. त्यांचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही.

अण्णा आमच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे, मेणबत्त्या लावायचे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू होण्याआधी फादरचं पुस्तक उघडून ठेवायचे. मी तिथे झाडलोट करते आणि वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करते. म्हणजे आम्ही एकाच कामावरचे. चर्च लहानसं आहे, अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून, पत्र्याच्या छपराचं. मागे दोन खोल्या. एका खोलीत कपडे आणि सामान, दुसऱ्या खोलीत अण्णा.

आमच्या वस्तीत ख्रिस्ती माणसं दोन मुलखांतून आली. आम्ही मराठी, नगर-जालन्याकडचे. दुसरे तमिळ, तिरुनेलवेलीच्या बाजूचे. दोघंही कॅथलिक, दोघांच्या भिंतीवर सारखाच क्रूस, आणि दोघांच्याही घरचे पुरुष त्याच केमिकल कंपन्यांत पाळीवर जाणारे.

अण्णा स्वतः कुठले ते कुणालाच नक्की कळलं नाही. रंगाच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली तरी टाचांच्या भेगांत जांभळा रंग दिसायचा. मराठी माणसाने विचारलं तर सांगायचे, मी तमिळ. तमिळ माणसाने विचारलं तर सांगायचे, मी मराठी. दोन्ही भाषा सारख्याच मोडक्या बोलायचे, त्यामुळे कुणाला पकडता यायचं नाही. मी एकदा विचारलं, असं दोघांना दोन का सांगता? ते मेणबत्तीचं मेण खरवडत होते. म्हणाले, "बाई, मराठीला वाटतं हा तिकडचा, तमिळला वाटतं हा तिकडचा. मग माझ्यासमोर कोणी दुसऱ्याची चुगली करत नाय. माझे कान साफ राहतात."

तरी कधी कुणाच्या तोंडून निसटायचंच. चहाला बोलावलेलं असायचं आणि बोलता बोलता कुणीतरी "ते लोक" म्हणायचं. अण्णा लगेच हातातला कप बशीत उपडा घालायचे. कप अर्धा भरलेला असला तरी. चहा बशीतून सांडून चटईवर जायचा आणि ते शांतपणे विचारायचे, ते लोक म्हणजे कोण, नाव घे. "भांडायचं तर नाव घेऊन भांड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "नाव घेतलं तर तो माणूस उत्तर द्यायला येईल. 'ते लोक' कुठून येणार?"

काही घरांनी त्यांना चहाला बोलावणं सोडलं. माझ्या शेजारची सून मात्र अण्णा दारात दिसले की सासूला आधीच बजावायची, आई, जपून बोला, चादर कालच धुतलीय.

ऑक्टोबर महिन्यात आमच्याकडे मारिया मातेची मूर्ती घरोघरी फिरते. ज्या घरी मूर्ती, त्या घरी संध्याकाळी सगळी गल्ली जपमाळेला बसते. जपमाळेतल्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला एकाने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी उत्तर म्हणून द्यायचा. अण्णांनी अशी रीत पाडली होती की मराठी घरात पहिला भाग मराठीत आणि उत्तर तमिळमध्ये, तमिळ घरात उलट. उत्तर ज्याच्या भाषेत त्यानेच द्यायचं. आम्हा मराठी बायकांना तमिळ उत्तर ऐकून ऐकून पाठ झालं होतं, तरी अण्णा देऊ द्यायचे नाहीत.

एकदा मूर्ती माझ्या घरी होती आणि त्या दिवशी तमिळ घरांतून कुणीच आलं नव्हतं. माझ्या मिस्टरांनी "नमो मरिये" म्हणून पहिला भाग पुरा केला आणि सगळे गप्प. अण्णा डोळे मिटून बसलेले. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. मिस्टर चिडून म्हणाले, अण्णा, उद्या सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट आहे. अण्णा हलले नाहीत. शेवटी कुणीतरी पलीकडच्या गल्लीतून रोजम्माला बोलावून आणलं. ती इडलीचं पीठ लागलेल्या हाताने तशीच आली, दारात उभी राहूनच उत्तर देऊन टाकलं आणि निघाली. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "अजून एकोणपन्नास राहिले." सगळी खोली हसली. रोजम्मा बडबडत आत आली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि एकोणपन्नास वेळा उत्तर दिलं. घरी उघडं राहिलेलं तिचं पीठ त्या दिवशी मांजराने सांडून वाया घालवलं. दुसऱ्या दिवशी तिने ते मला ऐकवलं आणि मी तिला घरातलं तांदूळ-डाळ नेऊन दिलं. आमची मैत्री तिथून झाली. मला मैत्रीण अशी तेवढी एकच होती.

आता जे लिहायचं आहे त्याला हात थांबतो. पण ते लिहिल्याशिवाय अण्णा काय होते ते कळणार नाही.

आमच्या वस्तीचा मयत-फंड होता. मराठी असो की तमिळ, दर घराने महिन्याला पन्नास रुपये द्यायचे. कुणाच्या घरी मयत झालं की पेटी, गाडी आणि कबर खोदणाऱ्याची मजुरी त्यातून जायची. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला त्या दिवशी खिशात हात घालावा लागू नये, एवढाच हेतू. फंड माझ्या मिस्टरांकडे होता, कारण ते व्यसनी नव्हते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं. रविवारी मिस्सा झाल्यावर घरोघर जाऊन पैसे मी आणायची आणि वहीत ते लिहायचे.

मिस्टरांनी तो फंड उल्हासनगरच्या एका भिशीत घातला. कुणाला विचारलं नाही. स्वतः खाल्ला नाही, हे मी देवासमोर सांगू शकते. वर्षभरात रक्कम वाढेल, मग फंडाची स्वतःची गाडी घेऊ, असं त्यांच्या मनात होतं. भिशी चालवणारा दुकान बंद करून निघून गेला. सव्वीस हजार चारशे रुपये गेले. मिस्टर दोन महिने नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, आपण हळूहळू भरून टाकू, तोपर्यंत कुणी मरू नये म्हणजे झालं.

मे महिन्यात रोजम्माचा नवरा सेल्वम गेला. कंपनीतच छातीत कळ आली.

तमिळ माणसं फंडाचे पैसे न्यायला आमच्या दारात आली. मिस्टर ओट्यावर उभे राहिले. हातात वही. मला वाटलं आता सांगतील. ते म्हणाले, "तुमच्या घरांनी आठ महिने वर्गणीच भरली नाही. पैसे कुठून येणार?" आणि वही पुढे केली. वही मराठीत लिहिलेली, त्यातलं त्या माणसांना काही वाचता येईना.

रोजम्मा गर्दीच्या मागे उभी होती. नवऱ्याला घरात ठेवून ती आली होती. ती मला म्हणाली, "अक्का, तू सांग. माझ्या हातातून तूच घेऊन जाते ना?"

मी पदर तोंडाला लावला आणि आत गेले.

मिस्टर मला मारत नव्हते, कधीच नाही. त्यांची भीती नव्हती. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायला माझी जीभ उचलली नाही, एवढंच. आत चुलीजवळ बसून मी बाहेरचा आवाज ऐकत राहिले. आमच्याकडचे पुरुष मिस्टरांच्या बाजूने बोलत होते. ते वर्गणी बुडवतात हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, असंही कुणी म्हणालं. सेल्वम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फावर राहिला. तमिळ गल्लीने वर्गणी काढली, शहाडच्या नातेवाइकांकडून पैसे आणले, तेव्हा पेटी आली.

त्या दिवसापासून वस्ती फाटली. त्यांचा फंड वेगळा, आमचा वेगळा. ऑक्टोबरला मूर्ती दोन. आधी चर्चमध्ये आमच्या गावच्या रीतीने बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसायचे. आता मराठी डावीकडे आणि तमिळ उजवीकडे बसायला लागले. नवरा-बायको चर्चमध्ये शेजारी बसले ते त्या भांडणामुळेच. अण्णा म्हणायचे, भांडणाने तेवढं तरी भलं केलं.

पण ते स्वतः कुठल्याच बाजूला बसले नाहीत. त्यांनी गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, बाकांच्या मधल्या वाटेवर उपडा ठेवला आणि त्यावर बसले. कम्युनियनला, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायला, वेदीकडे जाणाऱ्यांना त्यांना वळसा घालून जावं लागायचं. म्हाताऱ्या बायका अडखळायच्या. फादर म्हणाले, अण्णा, वाट अडते. अण्णा म्हणाले, "वाट तर अडलेलीच आहे फादर. मी फक्त खूण म्हणून बसलोय." फादर बदलले, नवे आले, त्यांनीही सांगून पाहिलं. नऊ वर्षं अण्णा त्या डब्यावर बसले. थंडीत पत्रा गार पडायचा म्हणून मी त्यावर वेदीचं जुनं कापड घडी करून घालायची. तेवढंच माझ्याकडून व्हायचं.

नाताळच्या गोठ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी चर्चमध्ये दोन गोठे झाले. डावीकडे मराठी मुलांनी केला, उजवीकडे तमिळ मुलांनी. कुणाचा मोठा, कुणाच्या गोठ्याला जास्त लायटिंग, यावरून चुरस. नाताळच्या सकाळी मिस्सा सुरू व्हायच्या आधी पाहतात तर दोन्ही गोठ्यांतली बाळं गायब. गाई आहेत, मेंढ्या आहेत, योसेफ आहे, मधलं गवत रिकामं. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोटं दाखवायला सुरुवात झाली. तेवढ्यात अण्णा उठले. सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक बाळ काढलं. दुसरं त्यांनी माझ्या इस्त्रीच्या कपड्यांत लपवलं होतं, ते मला नंतर सापडलं.

आमच्यात मिस्सा झाल्यावर बाळाच्या पायाचं चुंबन घेतात. अण्णा बाळ हातात धरून मधल्या वाटेवर उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ एकच आलं आहे. रांग पण एकच."

आरडाओरडा झाला. मराठी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे माझा दीर, म्हणाला हा म्हातारा देवाची चेष्टा करतो. पण नाताळच्या दिवशी बाळाच्या पाया न पडता घरी कोण जाणार? रांग लागली. डावीकडून एक, उजवीकडून एक अशी. मध्ये हातभर अंतर ठेवून, जसं काही अंगाला अंग लागलं तर विटाळ होईल. माझ्या पुढे रोजम्मा आली. तिच्या पांढऱ्या साडीचा पदर माझ्या हाताला लागत होता. मला वाटलं, आता हिच्या कानात सांगावं, फक्त हिलाच. तिने बाळाचा पाय घेतला, डोळ्यांना लावला आणि मागे न पाहता गेली. माझा नंबर आला तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं. पण मला वाटलं की त्यांना कळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा दोन गोठे झाले आणि फादरनी बाळं कपाटात कुलूप लावून ठेवली.

माझे मिस्टर चौथ्या वर्षी गेले. ती गोष्ट पोटात घेऊनच गेले. मराठी फंडातून त्यांची पेटी एका तासात दारात आली, वर फुलांचा क्रूस. लोक म्हणाले किती सज्जन माणूस. मी पेटीकडे बघत होते आणि मला सेल्वमचा बर्फ दिसत होता.

त्यानंतर मी फादरकडे कन्फेशनला गेले आणि सगळं सांगितलं. फादरनी माफी दिली, प्रार्थना सांगितल्या. त्या मी केल्या. तरी झोप येईना. मग एक दिवस मागच्या खोलीत इस्त्री करताना मी अण्णांना सांगितलं. सांगताना इस्त्री कापडावरच राहिली आणि त्याला तांबूस डाग पडला.

अण्णांनी ऐकून घेतलं. इस्त्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "देवाकडून माफी आणली, चांगलं केलं. पण देवाने वर्गणी भरली नव्हती ना. रोजम्माने भरली होती."

मी म्हटलं, मी पैसे भरते. जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायचं काम घरी आणते, महिन्याला जमेल तेवढं तुमच्या हातात देते, तुम्ही दोन्ही फंडांत टाका, कुणाला सांगू नका. अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "खरं न सांगता पैसे दिले तर ते दान होईल. लोक तुला हार घालतील. बाई, पैसे हळूहळू दिले तरी चालतात. खरं मात्र एकदमच द्यावं लागतं."

मी म्हटलं, माझ्याने चार माणसांत बोलवणार नाही. माझ्या मिस्टरांचं नाव आहे, मुलीचं सासर आहे बदलापूरला. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं होतं ते स्वतःच जाऊन सांगतील. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नंतर पाच वर्षं आम्ही रोज बरोबर काम केलं आणि त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. फक्त दर रविवारी मिस्सा संपली की ते डब्यावरून लगेच उठायचे नाहीत. लोक उठेपर्यंत मान खाली घालून बसायचे. मला ठाऊक होतं ते कशाची वाट बघतात. मी वेदीवरच्या मेणबत्त्या विझवायला जायची आणि मागच्या दाराने घरी यायची. असे किती रविवार गेले असतील ते मी मोजत नाही.

एका उन्हाळ्यात सकाळी सहाची घंटा वाजली नाही. मी गेले तेव्हा अण्णा खोलीत भिंतीला टेकून बसलेले होते, पायात एक चप्पल घातलेली, दुसरी हातात. डॉक्टर येऊन गेले, कागद झाला. मराठी आणि तमिळ दोन्ही माणसांनी त्यांना आवारातल्या बदामाच्या झाडाखाली आणून ठेवलं. फादर सभेला गेले होते, दुपारी येणार होते.

आणि मग कुणीच काही करेना.

दहा वाजले, अकरा वाजले. मला आधी कळलंच नाही काय चाललंय. माझे दीर मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालत होते. मी जवळ गेले तर ते कुणाला तरी सांगत होते, अहो ते तमिळ होते, स्वतः मला बोललेले, त्यांचा फंड आहे, आपण मधे पडलो तर उगाच भांडण. पलीकडे तमिळ फंडाचा आरोक्यम आपल्या लोकांना तेच सांगत होता, अण्णा मराठी आहेत, त्यांची रीत वेगळी असेल, त्यांनी बोलावल्याशिवाय कसं जायचं. दोघंही खरं बोलत होते. अण्णांनीच प्रत्येकाला तसं सांगून ठेवलं होतं. पेटी मागवलीच नव्हती. बर्फाची लादी विरघळून पाणी मातीत चाललं होतं आणि मुंग्या आल्या होत्या.

सेल्वमच्या वेळी जे झालं तेच पुन्हा होत होतं, आणि या वेळी मला आत पळायला घर नव्हतं, मी आवारातच होते.

मी कशी बोलले ते मला आठवत नाही. हातात पांघरायला आणलेलं वेदीचं कापड होतं, ते घट्ट धरलं होतं. आवाज इतका बारीक आला की आरोक्यम म्हणाला, क्या बोली? मग मी पुन्हा म्हटलं.

"सेल्वमच्या वेळी तमिळ घरांची सगळी वर्गणी आलेली होती. एकूण एक घराची. मी माझ्या हाताने आणली होती. माझ्या मिस्टरांनी ती भिशीत बुडवली आणि ओट्यावर उभं राहून खोटं बोलले. मला माहीत होतं."

दीर ओरडले, वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं, मेलेल्या माणसावर काय बोलता. मी म्हटलं, मेलेल्या माणसासमोरच बोलतेय भाऊजी. हे उत्तर मला कुठून सुचलं देव जाणे. त्यानंतर मी खाली मातीतच बसले.

रोजम्मा पुढे आली. मला वाटलं मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तेव्हा का नाय बोलली तू?"

तिने माझ्या हातातलं कापड ओढून घेतलं आणि अण्णांवर पांघरलं. मग आरोक्यमकडे आणि माझ्या दिराकडे वळून, आधी तमिळमध्ये आणि मग हिंदीत म्हणाली की दोघं एकाच रिक्षाने जा आणि पेटी घेऊन या, अर्धे पैसे तू, अर्धे तू. नऊ वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघं एका रिक्षात बसून उल्हासनगरला गेले. दीड तासाने टेम्पोतून पेटी घेऊन आले तेव्हा दोघं भांडत होते. पेटीवाल्याने जास्त घेतले, तू भाव केला नाहीस, नाही तूच घाई केलीस. आरोक्यम असं, आरोक्यम तसं, असं नाव घेऊन माझे दीर ओरडत होते.

वाचणाऱ्याला वाटेल की मग सगळं चांगलं झालं. तसं झालं नाही. कबरीवर जपमाळ म्हणायची होती, तेव्हा दोन्ही बाजू गप्प उभ्या राहिल्या. पहिला भाग कुणी सुरू करायचा ते कुणाला सुचेना. फादरनी हिंदीत प्रार्थना म्हटली आणि आम्ही माती टाकली. ज्या माणसाने आम्हाला एकमेकांशिवाय प्रार्थना पुरी करू दिली नाही, त्याच्यासाठी ती आम्ही सुरूसुद्धा केली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं. आणि हेही, की जे ऐकायला ते पाच वर्षं दर रविवारी डब्यावर थांबून राहिले, ते मी त्यांच्या कानावर माती पडायच्या वेळेला बोलले. एका रविवारी, एकच रविवार आधी बोलले असते तर.

दीर माझ्याशी बोलत नाहीत. मुलीने बदलापूरहून फोन केला तो फक्त, पप्पांचं नाव कशाला घेतलंस, एवढं विचारायला. त्यानंतर दीड वर्ष तिचा फोन नव्हता. आता येतो, पण ती जावयाच्या समोर माझ्याशी बोलत नाही.

सहा महिन्यांनी दोन फंडांचा एक झाला. पुरुषांच्या हातात नको म्हणून तो रोजम्माकडे दिला. वही ती तमिळमध्येच लिहिते आणि दर महिन्याला चर्चच्या दारात उभी राहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. माझं घर त्या फंडात घेतलं नाही. आमच्याच मराठी पुरुषांनी तसं ठरवलं. ऑक्टोबरला आता मूर्ती एकच फिरते, दुसरी कपाटात आहे. बाकांवर मात्र अजून मोठी माणसं आपापल्याच बाजूला बसतात, तरुण पोरं कुठेही बसतात. तेलाचा डबा फादरनी भंगारात दिला. लोक अजूनही कम्युनियनला जाताना त्या जागी थोडं वळून जातात.

अण्णांना जाऊन महिना झाला त्याची मिस्सा झाल्यावर मी पाचशे रुपये घेऊन रोजम्माच्या दारात गेले. कुणी मागितले नव्हते. तिने दारातच घेतले, आत जाऊन लिहिले आणि दार लावलं. असं वर्षभर चाललं. मग एकदा पाऊस होता म्हणून तिने प्लास्टिकची खुर्ची दाराच्या आत ओढून दिली. पुढच्या महिन्यात खुर्ची तिथेच होती. एका जीन्सचे धागे कापले की किती मिळतात ते लिहायला लाज वाटते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने काही देता आलं नाही. फंड दोनाचा एक झाला तेव्हापासून तिने सगळे हप्ते त्याच वहीत एका पानावर उतरवून घेतले होते. वर माझ्या मिस्टरांचं नाव, तिनेच मला वाचून दाखवलेलं, आणि खाली एकाखाली एक आकडे. एकूण पाच वर्षं लागली.

मागच्या रविवारी शेवटचे चारशे राहिले होते. रोजम्माने चष्मा लावला, नोटा मोजल्या, मग बोट फिरवत पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत बेरीज केली, तमिळमध्ये पुटपुटत. एकदा झाल्यावर पुन्हा केली. मग म्हणाली, "पुरे झाले."

मी खुर्चीवरून उठले.

"बस," ती म्हणाली. "अजून शंभर दे."

वाटलं, मोजायला चुकले की काय. मी म्हटलं कसले शंभर?

"या महिन्याची वर्गणी. पन्नासचे आता शंभर झालेत. इतके वर्ष तुझं घर फंडात नाय. उद्या मेलीस तर तुला न्यायचं कुणी? तुझा दीर?"

मी म्हटलं, पुरुषांनी तर नाही म्हटलंय. ती म्हणाली वही कुणाकडे आहे. मी पिशवीतून भाजीचे शंभर काढून दिले. तिने कोरं पान काढून, मोठ्याने म्हणत, त्यावर माझं नाव लिहिलं, माझंच, मिस्टरांचं नाही. मग जुनं पान उघडलं, माझ्या मिस्टरांच्या नावापासून शेवटच्या चारशेपर्यंत पट्टी ठेवली आणि वरून खाली एक सरळ रेघ मारली.